वाशीमचें कापड आणि भाऊबंदकीचीं रणक्षेत्रें

वऱ्हाडांतील दुर्गांविषयीं आजवर जें लेखन झालें, त्याचा ओघ बहुधा नरनाळा व गाविलगड यांकडेच वाहतो. हें स्वाभाविक आहे. तट व बुरूज डोळ्यांस दिसतात. शिवाय गाविलगड ता. १५ डिसेंबर १८०३ रोजीं वेलस्लीच्या फौजेनें घेतल्यामुळें त्यास परक्याशीं दिलेल्या झुंजीचें मोल आलें आहे. परंतु मराठे मराठ्यांशींच लढले, तीं स्थळें कोठें, असें विचारलें असतां या लेखनाकडून फारसें उत्तर मिळत नाहीं. हा दोष आम्ही वाशीमच्या एका उदाहरणानें दाखवूं.

राघोबादादाचा १७६८ सालीं धोडप येथें पाडाव झाल्यावर, त्याचा पक्ष धरणाऱ्या जानोजी भोसल्यावर थोरले माधवराव चालून गेले. पेशव्यांच्या फौजेनें नागपूर लुटलें. जानोजीनें समोरासमोर लढाई टाळून पेशव्यांच्या मुलुखाकडे धांव घेतली. शेवटीं ता. २३ मार्च १७६९ रोजीं कनकापूरचा तह झाला. वाशीम व बाळापूर येथें विणलेलें ५,००० रुपयांचें कापड जानोजीनें दरसाल पेशव्यांस द्यावें, असें त्यांतील एक कलम आहे. अकोल्याच्या गॅझेटियरांत हें कलम वाशीमच्या वस्त्रव्यवसायाच्या भरभराटीचा पुरावा म्हणून येतें. हा अर्थ खोटा नव्हे, पण अपुरा आहे. तें कलम व्यापाऱ्याच्या वहींतील नोंद नव्हे. तें जिंकणाऱ्यानें हरणाऱ्यावर बसविलेलें देणें होय. दोन मराठी सत्तांच्या कलहाचा भार वाशीमच्या मागापर्यंत कसा पोंचला, हें त्यावरून कळतें. गॅझेटियरकारांनीं मालाची किंमत पाहिली, युद्धाची पाहिली नाहीं.

कलह तेथेंच थांबला नाहीं. १७७२ सालीं जानोजी वारल्यावर साबाजी व मुधोजी हे भाऊच वारसाकरितां एकमेकांवर उठले. १७७३ सालीं अकोल्यानजीक कुंभारी येथें त्यांची लढाई झाली; आणि ता. २६ जानेवारी १७७५ रोजीं नागपुराजवळ पांचगांवच्या मैदानांत साबाजी हा मुधोजीच्या हातून पडला. साबाजीच्या पदरीं दिवाणपदास चढलेल्या भवानी काळूनें वाशीमचें बालाजीमंदिर बांधविलें. तें १७७९ सालीं पुरें झालें. भाविक त्या मंदिरीं रोज जातात. पण बांधणाऱ्याचा धनी सख्ख्या भावाच्या हातून पडला होता, ही आठवण त्यांपैकीं कितीजणांस असेल?

लाजेच्या गोष्टी उकरून काय साधणार, असा आक्षेप येईल. यावर अमेरिकेचें उदाहरण पाहावें. तेथें १८६१ ते १८६५ पर्यंत देशबांधवच एकमेकांशीं लढले. गेटिसबर्गची लढाई १८६३ च्या जुलैंत झाली. १८९५ सालीं तें मैदान राष्ट्रानें आपल्या ताब्यांत घेतलें, आणि उभय सैन्यांच्या जागा तेथें खुणांनीं दाखविल्या आहेत. तेथेंही स्मरणावरून वाद झाले व होतात. पण वाद करावयास मैदान तरी शिल्लक आहे. लपविलेली लाज पुढच्या पिढीस कांहींच शिकवीत नाहीं.

वाशीम जिल्ह्यांत नरनाळ्यासारखा दुर्ग नाहीं. कारंजाच्या दिल्ली, दारव्हा, मंगरूळ व पोहा या चार वेशी या गांवकुसाच्या खुणा होत, गडाच्या नव्हेत. म्हणून ज्याला दगडच पुरावा वाटतो, त्याला हा जिल्हा रिता दिसतो. परंतु यादवीची साक्ष येथें तहाच्या कागदांत व देवळाच्या इतिहासांत आहे. कुंभारी व पांचगांव येथील रणभूमि कागदपत्रांवरून निश्चित करून तेथें उभय पक्षांचीं नांवें सारख्याच अक्षरांत कोरावीं. आणि कनकापूरच्या त्या कलमाची प्रत वाशीमांत लोकांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणीं लावावी, एवढीच आमची सूचना आहे. किल्ले जपणें हें अभिमानाचें काम आहे. भाऊबंदकीचें रान जपणें हें शहाणपणाचें आहे, आणि आमच्या इतिहासलेखनास आज त्याचीच वाण अधिक आहे.