दोन उड्या, दोन पुस्तकें

साहसाच्या ग्रंथांविषयीं आमच्या वाचकांचें मत फारसें अनुकूल नसतें हें आम्ही जाणतों. आणि तें सर्वथा अयोग्य आहे असेंही आम्हांस वाटत नाहीं. शिखरें, ध्रुवप्रदेश, महासागर यांवरील पुस्तकांचा जो अखंड ओघ वाहत आला आहे, त्यांतील बहुतेकांत नायकाच्या छातीचें माप सांपडतें, मनाचें सांपडत नाहीं. तथापि आज ज्या दोन पुस्तकांविषयीं आम्ही लिहिणार आहोंत त्यांचा विषय इतका विलक्षण आहे, कीं वाचकांनीं घटकाभर आपला पूर्वग्रह बाजूस ठेवावा अशी आमची विनंति आहे. पहिलें पुस्तक अमेरिकन हवाई दलांतील कॅप्टन जोसेफ किटिंजर यांचें ‘द लाँग, लोन्ली लीप’. मार्टिन केडिन या लेखकाच्या सहकार्यानें लिहिलेलें हें पुस्तक १९६१ सालीं निघालें. दुसरें क्रेग रायन यांचें ‘मॅग्निफिसंट फेल्युअर’ (२००३); तें न्यू जर्सीकडील एक ट्रकचालक निक पिआन्टानिडा यांचें चरित्र आहे. हेलियमनें भरलेल्या प्रचंड फुग्याखालीं पाळण्यांत बसून अंतराळाच्या काठापर्यंत चढावयाचें आणि तेथून पॅराशूट बांधून खालीं उडी टाकावयाची, हा दोघांचाही बेत. एकाचा तडीस गेला. दुसऱ्याचा गेला नाहीं.

(‘अंतराळाचा काठ’ हा शब्दप्रयोग थोडा सैल आहे. अंतराळाची सीमा सामान्यतः १०० किलोमीटरवर मानतात. किटिंजर सुमारें ३१ किलोमीटरवर होते. परंतु तेथें वातावरणाचा शेंकडा ९९ भाग पायांखालीं राहतो, हें ध्यानांत घेतां या शब्दास आम्ही हरकत घेत नाहीं.)

किटिंजर यांची उडी ही हौस नव्हती. विमानें जसजशीं उंच जाऊं लागलीं तसतसा एक प्रश्न पुढें आला, कीं इतक्या उंचीवर वैमानिकास विमान सोडावें लागलें तर तो जिवंत खालीं यावा कसा? पॅराशूट लागलीच उघडावें, तर तो थंडींत व विरळ हवेंत लोंबकळत राहून प्राणवायूवांचून मरेल. उशीरा उघडावें, तर विरळ हवेंत त्याचें शरीर भोंवऱ्यासारखें फिरूं लागून शुद्ध हरपेल. फ्रान्सिस बोप्रे या तंत्रज्ञानें यावर तोड काढली होती. आधीं एक लहानसें पॅराशूट उघडावें. त्यानें वेग फारसा कमी होऊं नये, शरीर मात्र स्थिर राहावें. आणि मोठें पॅराशूट खालीं दाट हवेंत आपोआप उघडावें. ही योजना बरोबर कीं चूक, हें कोणी तरी उडी टाकल्यावांचून ठरणार नव्हतें. १६ नोव्हेंबर १९५९ रोजीं किटिंजर यांनीं ७६,४०० फुटांवरून पहिली उडी टाकली. लहान पॅराशूट अवेळीं सुटलें, त्याची दोरी गळ्याभोंवतीं गुरफटली, शरीर मिनिटास सुमारें १२० फेऱ्या घेऊं लागलें आणि ते बेशुद्ध झाले. आपोआप उघडणाऱ्या राखीव पॅराशूटनें त्यांस वांचविलें. पंचवीस दिवसांनीं त्यांनीं पुन्हां उडी टाकली. आणि १६ ऑगस्ट १९६० रोजीं, न्यू मेक्सिकोच्या वाळवंटावर, १,०२,८०० फुटांवरून तिसरी.

त्या तिसऱ्या उडींतील पतन चार मिनिटें छत्तीस सेकंद चाललें. पुस्तकाचा जीव तेथें आहे. पडणें म्हटलें कीं आपल्या भाषेंत कांहीं ठराविक गोष्टी येतात: कानांत वारा घोंघावतो, पोटांत गोळा उठतो, जमीन अंगावर धांवून येते. येथें प्रारंभीं यांपैकीं एकही नाहीं. घोंघावण्यास हवाच नाहीं. वेग मोजावयास जवळ झाड नाहीं कीं ढग नाहीं. भर दिवसा आकाश काळें. पाठीवर वळून वर पाहावें तों फुगा विलक्षण वेगानें आकाशांत सुटला आहे असें दिसतें. आणि मग ध्यानांत येतें कीं फुगा आहे तेथेंच आहे, सुटलेले आपण आहोंत. ताशीं ६१४ मैलांपर्यंत गेलेला मनुष्य स्वतःस स्थिर समजतो! आमच्या साहित्यशास्त्रांत वीररसाचा स्थायीभाव उत्साह व अद्भुताचा विस्मय असें सांगितलें आहे. साहसग्रंथांचे लेखक पहिल्याच्या मागें लागून दुसऱ्याची हेळसांड करतात. किटिंजर या प्रसंगीं तसें करीत नाहींत. इंद्रियांस जें जाणवलें तें, आणि विशेषतः जें जाणवलें नाहीं तें, त्यांनीं साधेपणानें नोंदलें आहे. म्हणून हा विस्मय वाचकाच्या मनांत खरोखर उतरतो.

परंतु याच उडीच्या वृत्तांतांत एक असा प्रसंग आहे कीं जेथें लेखकाचा निवाडा आम्हांस मान्य करवत नाहीं. वर चढत असतांनाच त्यांच्या उजव्या हातमोज्यांतील दाबाची व्यवस्था बंद पडली. सुमारें ६३,००० फुटांच्या वर हवेचा दाब इतका उणा असतो कीं शरीराच्या उष्णतेवरच पाणी उकळेल. तेथें उघडा पडलेला हात सुजून निकामी होणार हें त्यांस ठाऊक होतें. तरी वर पोहोंचेपर्यंत त्यांनीं खालीं डॉक्टरांना कळविलें नाहीं. कारण कळविलें असतें तर परत फिरण्याची आज्ञा झाली असती. हात कांहीं तासांनीं पूर्ववत् झाला, आणि पुढें हा प्रसंग धैर्याचा दाखला म्हणून सांगितला जाऊं लागला. किटिंजर यांनीं तो स्वतः होऊन सांगितला, ही त्यांची सचोटी. पण प्रयोग कशाचा चालला होता? दुसऱ्या वैमानिकांचे प्राण वांचावेत, साधनें कोठें दगा देतात तें कळावें, याचाच ना? साधनानें दगा दिला, आणि ज्यांस तें त्याच क्षणीं कळावयास हवें होतें त्यांच्यापासून तें लपविलें गेलें. हात निकामी होऊन ते वरच राहिले असते, तर खालच्या मंडळींस आपलें काय चुकलें हें कदाचित् कधींच कळलें नसतें. सैनिकाचें धैर्य आणि शोधकाचें कर्तव्य यांची येथें गांठ पडली, आणि सैनिक जिंकला. हा खेद करण्याजोगा विजय आहे. पुस्तक मात्र त्याचा अभिमान बाळगतें.

पिआन्टानिडा यांच्या पाठीशीं हवाई दल नव्हतें. फुगा, दाबाचा पोशाख, प्राणवायु, पैसा — सर्व कांहीं त्यांस विनवण्या करून, लोकांस भरीस पाडून मिळवावें लागलें. त्या भागांत रायन यांची लेखणी फार रंगते आणि प्रकरणें किंचित् लांबतात. ऑक्टोबर १९६५ मधील पहिल्या प्रयत्नांत फुगा २२,००० फुटांवरच वाऱ्यानें फाटला, आणि अंतराळाकडे निघालेला हा वीर सेंट पॉल शहराच्या कचऱ्याच्या मैदानांत उतरला. २ फेब्रुवारी १९६६ रोजीं ते १,२३,५०० फुटांवर, किटिंजर यांच्याहून वीस हजार फूट उंच पोहोंचले. उडी टाकण्याची वेळ आली. आणि पाळण्याशीं जोडलेली प्राणवायूची नळी सुटेना. सुजलेल्या पोशाखांतील जड बोटांनीं त्यांनीं ती ओढून पाहिली, पिळून पाहिली. एक लहानसा पाना जवळ असता तर काम झालें असतें! अखेर फुगा तोडून पाळण्यासकट त्यांस खालीं आणावें लागलें. आणि फुग्यासह न उतरल्यामुळें त्या उंचीचा विक्रमही त्यांच्या नांवावर लागला नाहीं. १ मे १९६६ रोजीं तिसरा प्रयत्न झाला. सुमारें ५७,००० फुटांवर रेडिओवरून हवा सुटल्याचा आवाज आणि एक तुटकी हांक खालीं ऐकूं आली. पोशाखांतील दाब गेला होता. कां गेला, हें निश्चित झालें नाहीं. ते जमिनीवर आले तेव्हां श्वास चालू होता, शुद्ध गेली होती. ती परत आली नाहीं. ऑगस्टमध्यें त्यांचा अंत झाला. मागें पत्नी आणि तीन लहान मुली राहिल्या.

या चरित्राचा गुण असा, कीं तें नायकाची वकिली करीत नाहीं. त्यांचा हट्ट, त्यांची घाई, आपल्या स्वप्नांत इतरांस ओढून घेण्याची त्यांची हातोटी, सर्व कांहीं वाचकापुढें येतें. आमची तक्रार एकाच शब्दाविषयीं, आणि तो मुखपृष्ठावर आहे. अपयशास ‘भव्य’ म्हणण्याचा हक्क चरित्रकारास कोणी दिला? रामायणांत धाकट्या भावास वांचवितांना संपातीचे पंख सूर्यतापानें जळाले व तो पडला. परंतु कवीनें त्यास तसाच पडूं दिलें नाहीं. सीता कोठें आहे हें वानरांस सांगण्याचें काम त्यानें या पंख गेलेल्या पक्ष्याकडे ठेवलें. त्या पडण्यास अर्थ आला तो असा. पिआन्टानिडा यांच्या पतनानें कोणास कोणती वाट दाखविली, हें रायन यांनीं शोधावयास हवें होतें; विशेषणानें तें काम होत नाहीं. तथापि उत्साह हाच वीररसाचा स्थायीभाव, विजय नव्हे, ही शास्त्रकारांची सूक्ष्म दृष्टि या पुस्तकानें जितकी पटते तितकी किटिंजर यांच्या पुस्तकानें पटत नाहीं. वाङ्मय या नात्यानें आम्ही दुसऱ्यासच वरचें स्थान देतों.

या उंचीनें याहून निर्दय बळीही घेतला आहे. १ नोव्हेंबर १९६२ रोजीं सोव्हिएत रशियांत येव्गेनी आंद्रेयेव्ह व प्योत्र दोल्गोव्ह एकाच पाळण्यांतून वर गेले. आंद्रेयेव्ह स्थिर ठेवणाऱ्या पॅराशूटवांचून सुमारें साडेचोवीस किलोमीटर पडत सुखरूप उतरले. दोल्गोव्ह यांच्या शिरस्त्राणाची कांच उडी टाकतांना पाळण्यावर आपटून तडकली, आणि पॅराशूटखालीं त्यांचें निर्जीव शरीर आलें.

पुढें १४ ऑक्टोबर २०१२ रोजीं फेलिक्स बॉमगार्टनर यांनीं सुमारें ३९ किलोमीटरवरून उडी टाकून पडतां पडतां ध्वनीचा वेग ओलांडला, तेव्हां खालून रेडिओवर त्यांच्याशीं बोलणारा आवाज वृद्ध किटिंजर यांचाच होता. ती उडी एका पेयाच्या कंपनीनें जगभर दाखविली. दोन वर्षांनीं ॲलन यूस्टेस या अभियंत्यानें पाळण्यावांचून, नुसत्या पोशाखांत फुग्याला लटकून, त्याहूनही उंच ४१,४१९ मीटर गांठले. आणि तें जवळजवळ गुपचूप. या दोन उड्यांपैकीं ग्रंथाचा विषय होण्याची योग्यता आम्हांस दुसरींत अधिक दिसते. किटिंजर २०२२ सालीं वारले. बॉमगार्टनर २०२५ मध्यें इटलींत पॅराग्लायडिंग करतांना अपघातांत गेले.

घरांतील पंधरासोळा वर्षांच्या मुलांच्या हातीं पहिलें पुस्तक निःशंक द्यावें. दुसरें वडील मंडळींनीं आधीं स्वतः वाचावें. त्यांतील इस्पितळाचीं पानें जड आहेत. आणि पहिल्या पुस्तकांत हातमोज्याची हकीकत येईल तेथें मुलांस थोडें थांबवून, तुम्ही असतां तर खालीं कळविलें असतें काय, एवढें अवश्य विचारावें.