अजिंठ्याच्या प्रतिकृती : नक्कल की भाष्य?

अजिंठ्याच्या प्रतिकृतींना मूळ भित्तिचित्रांची निव्वळ नक्कल समजण्याची प्रथा अभ्यासकांनी सोडावयास हवी. रॉबर्ट गिलच्या बहुतेक प्रती 1866 मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. जॉन ग्रिफिथ्स व जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी 1872 नंतर केलेल्या तैलप्रतींपैकीही अनेक 1885 मध्ये लंडनमध्येच जळाल्या. उरलेल्या प्रतींतील घट्ट छायाप्रकाश पाहता पाश्चात्त्य शिक्षणाचे संस्कार लपत नाहीत. उलट, 1909 ते 1911 या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्यासमवेत काम केलेल्या नंदलाल बोस, असितकुमार हालदार यांना तेथे प्रामुख्याने रेषाच दिसली. निजाम-राज्यातील सय्यद अहमद व मुहम्मद फझलुद्दीन हेही त्याच कार्यात होते; बंगालच्या कीर्तीपुढे ही नावे मागे पडली, हे न्याय्य नव्हे.

या उद्योगाची किंमत भिंतींनाही द्यावी लागली. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून प्रतिकारांनी वार्निश फासले. पुढे 1920 नंतर इटालियन तज्ज्ञांनी लाखेचा लेप दिला. दोन्ही काळवंडून पिवळे पडले. तेव्हा छत्रपती संभाजीनगरच्या नवोदित चित्रकाराने ‘अजिंठ्याचे रंग’ म्हणून तपकिरी-पिवळी छटा उचलताना तिच्यात अजिंठ्याचे किती आणि वार्निशाचे किती, हे तपासावयास हवे. पुरातत्त्व खात्याने जेथे हे थर उतरविले, तेथे खालचा निळा रंग उजळ निघाला आहे.