घाट एवढा उजळ कधी होता?

त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगा घाटावर हजारो पणत्या लागतात आणि उजाडायच्या आत त्यांचे फोटो कोल्हापुरातल्या प्रत्येक ग्रुपवर येऊन पडतात. ते फोटो जरा नीट बघा. पायरीन् पायरी दिसते, दीपमाळेचे दगड मोजता येतील इतके स्वच्छ, आकाश निळसर. आणि पणत्या? पांढरे ठिपके. ज्यांच्यासाठी लोक अंधारात उठून गेले त्या ज्योतीच फोटोत सगळ्यात फिक्या. हा दोष स्वस्त फोनचा म्हणावा, तर महागड्या फोनवर तो जास्तच दिसतो.

हेच दृश्य फिल्मवर कसं यायचं? कोडॅकची टी-मॅक्स पी३२०० ही फिल्म १९८८ साली आली, इलफर्डची डेल्टा ३२०० त्यानंतर दहा वर्षांनी. नावात ३२०० असलं तरी दोन्हींचा खरा वेग हजाराच्या आसपास. उरलेला वेग डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवून ओढून काढायचा. अशा ओढण्यानं उजळ भाग आणखी उजळतो, पण जिथून फिल्मवर प्रकाश पोचलाच नाही तिथं काही उगवत नाही. त्यामुळे काळं ते काळंच. पणतीभोवती प्रकाशाचं वलय, तिच्यावर वाकलेला अर्धा चेहरा, बाकीचा घाट अंदाजानं समजून घ्यायचा. आणि ग्रेन म्हणाल तर तो वरून भुरभुरलेला नसतो. वेगवान फिल्मसाठी चांदीच्या क्षारांचे स्फटिक मोठे ठेवावे लागतात आणि चित्र त्यांचंच बनतं. ॲपमधला ‘फिल्म ग्रेन’ म्हणजे तयार पोह्यांवरचं खोबरं.

त्या काळ्याला कलावंताची निवड म्हणणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. ती रसायनाची मर्यादा होती. रोलमध्ये छत्तीस फोटो, त्यातले बरेच हललेले, आणि काय आलंय ते कळायला रोल धुऊन होईपर्यंत थांबा.

कळंबा तलावावर तर फिल्म सरळ हरते. अमावास्येला तिथं लांबचा एखादा दिवा आणि पाणी, एवढंच. एक्स्पोजर काही सेकंदांवर गेलं की फिल्मची संवेदनशीलताच घटत जाते. गणितानं दहा सेकंद आले तरी प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त द्यावे लागतात, तेही स्टँडवर. गुगलनं २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये ‘नाइट साइट’ आणलं तेव्हापासून हा खेळ बदलला. फोन थोड्या थोड्या वेळाच्या अनेक फ्रेम घेतो, हात हलल्यानं सरकलेलं जुळवतो, सरासरी काढून नॉइज कमी करतो. तलावाचा काठ, पाण्यात उतरलेली दिव्याची रेघ, पलीकडची झाडं, सगळं हातात धरलेल्या फोनवर. याला नावं ठेवणाऱ्यानं एकदा फिल्मवर काढून दाखवावं.

मग तोच फोन घाटावर का फसतो? कारण दोन्हीकडे त्याला एकच काम माहीत आहे: अंधार दिसला, भरून काढा. सावल्या वर उचलल्या जातात, पणतीचा पिवळा रंग ‘दुरुस्त’ होऊन पांढऱ्याकडे सरकतो. तळ्याकाठी काळोख अडचण होता. घाटावर तो मुद्दाम राखलेला असतो, म्हणून तर सगळे पहाटे जातात.

गंमत म्हणजे नाइट साइट बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतं. रात्रीचा फोटो भरदिवसाचा वाटू नये म्हणून सावल्या गडद ठेवायची युक्ती जुन्या चित्रकारांकडे बघून घेतली, असं त्यांनी लिहून ठेवलंय. कोल्हापूरला यात नवल वाटू नये. बाबूराव पेंटर मुळात चित्रकार. ‘सिंहगड’मध्ये, १९२३ साली, त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. तेव्हाची फिल्म इतकी मंद, की पडद्यावर रात्र हवी तर आधी दिवे आणा. पण त्या दिव्यांत किती दिसू द्यायचं आणि काय बुडू द्यायचं, हे ठरवायला कॅमेऱ्यामागं माणूस होता. आपल्या फोनमध्ये ते आधीच ठरून आलेलं असतं, आणि आपण ‘भारी आलाय’ म्हणून पुढं पाठवतो.

येत्या त्रिपुरीला नाइट मोड बंद करा. ज्योतीवर बोट टेकवा आणि बाजूला उमटणारा छोटा सूर्य खाली ओढा. पायऱ्या जातील, दीपमाळ जाईल, मागं उभा असलेला मित्रही जाईल. ग्रुपवर कोणीतरी ‘काहीच दिसत नाही रे’ असं लिहील. पणत्या मात्र पिवळ्या आलेल्या असतील.