‘क्रिस्तपुराणा’तील पापकल्पना आणि कृपेचा विच्छेद

मराठी समीक्षेने फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’कडे (१६१६) मुख्यत्वे भाषाप्रेमाच्या अंगाने पाहिले. ग्रंथारंभीची मराठीची स्तुती सर्वांना ठाऊक झाली. परंतु मानव ईश्वरी कृपेला का मुकला, हा जो प्रश्न या सुमारे अकरा हजार ओव्यांच्या मुळाशी आहे, त्याची चर्चा त्या मानाने कमीच झाली.

१५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइट धर्मगुरूंपुढील पहिली अडचण शब्दाची होती. साष्टीतील नवख्रिस्ती श्रोत्यांना ‘पाप’ हा शब्द परिचित होता, पण त्याचा आशय निराळा होता. पाप हे ज्याचे त्याचे संचित. ते भोगाने, प्रायश्चित्ताने, तीर्थस्नानाने वा नामस्मरणाने फिटते. आदाम आणि एवा यांच्या कथेत मात्र एका आज्ञाभंगामुळे साऱ्या वंशाचा ईश्वराशी असलेला संबंध तुटतो आणि तो पुन्हा जोडणे मानवाच्या हाती उरत नाही. आपण न केलेल्या कर्माचे फळ आपण का भोगावे, ही शंका कर्मसिद्धांतात वाढलेल्या श्रोत्यास येणे स्वाभाविक होय.

येथे तात्त्विक विवेचनापेक्षा पुराणाचा घाटच कवीच्या अधिक उपयोगी पडला असावा. ऋषींची थट्टा काही कुमार करतात आणि अवघे यादवकुळ नाश पावते, ही कथा ऐकलेल्या मनाला वंशगत शाप अपरिचित नव्हता. शापामागून उःशाप येतो, हेही त्याला माहीत होते. ‘पहिले पुराण’ जुन्या करारातील प्रतीक्षेचे आणि ‘दुसरे पुराण’ ख्रिस्तचरित्राचे, ही ग्रंथाची विभागणी त्या अपेक्षेशी सहज जुळते. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द योजल्याने गमावलेले स्थानही ओळखीचे झाले. अर्थात त्या शब्दाबरोबर विष्णूचे स्मरण आलेच असणार. ही जोखीम कवीने पत्करली.

तथापि हे साम्य एका मर्यादेपर्यंतच टिकते. पुराणांत शापित व्यक्ती बहुधा स्वतःच तो भोग संपवते. येथे ईश्वरच देह धारण करून मानवाचे ऋण फेडतो. शिवाय ख्रिस्ताने अधोलोकी जाऊन मुक्त केले ते इस्राएलचे पुण्यशील पूर्वज. साष्टीतील श्रोत्यांच्या बाप्तिस्मा न झालेल्या आज्या-पणज्यांचे काय, हा प्रश्न सिद्धांताच्या कडेला तसाच उभा राहतो.

त्या समाजाला तो केवळ तात्त्विक नव्हता. साष्टीतील देवळे १५६० च्या दशकात पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे जेझुइटांची हत्या झाली होती. ग्रंथाच्या प्रारंभी एक श्रोता पाद्रीगुरूंपाशी, जुनी पुराणे वर्ज्य झाली तर त्यांच्या जागी दुसरे पुराण द्यावे, अशी मागणी करतो. ही मागणी समीक्षकांनी बहुधा ग्रंथरचनेचे निमित्त म्हणून वाचली आहे. नंदनवनातून बाहेर काढलेल्या आदामाची कथा ऐकण्यास बसलेला हा श्रोता स्वतःच आपल्या पूर्वजांच्या कथांपासून तोडला गेला आहे, हे ध्यानी घेतल्यास त्या ओव्यांचा करुण रस अधिक गडद होतो.