पहिला पडदा कोणासाठी?

संगणकावर मजकूर लिहिण्यासाठी व दुरुस्त करण्यासाठी जी आज्ञावली वापरतात, तिला मजकूर-संपादक किंवा नुसते ‘एडिटर’ म्हणतात. प्रश्नपत्रिका असो वा संगणकाचा प्रोग्रॅम, लिहिण्याची सुरुवात एडिटरपासूनच होते. तो उघडल्यावर, पहिले अक्षर उमटण्यापूर्वी पडद्यावर काय दिसते, ही बाब कोणाला क्षुल्लक वाटेल. पण पाठ्यपुस्तकाचा पहिला धडा आपण जितक्या काटेकोरपणे तपासतो, तितक्याच काटेकोरपणे हा पहिला पडदाही तपासायला हवा. कारण त्याच्यापुढे बुजलेला विद्यार्थी दोष आज्ञावलीला देत नाही. ‘मला संगणक जमत नाही’ असा निष्कर्ष काढून तो मोकळा होतो.

मौनाचे कारण

केन थॉम्पसन यांनी १९६९ साली बेल प्रयोगशाळेत युनिक्ससाठी ‘ईडी’ हा एडिटर लिहिला. त्यात स्वागत नाही आणि सूचनाही नाही. फाइल उघडली की तिच्यात किती अक्षरे आहेत तो आकडा, आणि चूक झाली की ‘?’ हे एकच चिन्ह! हा तुसडेपणा वाटतो, पण त्याला कारण होते. त्या वेळी पडद्याऐवजी टेलिटाइप यंत्र असे. ते सेकंदाला सुमारे १० अक्षरे कागदावर छापी. शंभर अक्षरांत स्वागत करायचे तर दहा सेकंद खोळंबा.

बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कली येथे ‘व्ही-आय’ लिहिला, तेव्हा पडदे आले होते. पण त्यांचे काम ३०० बॉडच्या मोडेमवरून चाले, म्हणजे सेकंदाला सुमारे ३० अक्षरे. ८० अक्षरांच्या २४ ओळी भरायच्या तर १९२० अक्षरे लागतात, म्हणजे मिनिटाहून अधिक वेळ. अशा स्थितीत कमीत कमी छापणे हाच शहाणपणा होता. पुढे यंत्रे हजारो पटींनी वेगवान झाली. मौनाचे कारण संपले, पण मौन मात्र परंपरा म्हणून टिकले.

त्याच काळात दुसरी वाटही निघाली होती. १९७८ साली आलेला ‘वर्डस्टार’ आपल्याकडेही अनेकांनी वापरला आहे. तो उघडला की कोणते अक्षर दाबल्यावर काय होईल याची यादी समोर येई. मजकूर लिहिताना आज्ञांचा तक्ता पडद्याची बरीच जागा अडवी, पण मदतीच्या ० ते ३ अशा पायऱ्या होत्या. हात बसला की वापरणारा स्वतः एकेक पायरी खाली येई. मदत किती हवी, हे शिकणाऱ्याने ठरवायचे!

व्हिमचे कौतुक आणि तक्रार

ब्राम मोलेनार (मृत्यू २०२३) यांनी ‘व्ही-आय’ची सुधारित आवृत्ती ‘व्हिम’ या नावाने १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. फाइलचे नाव न देता व्हिम उघडला, तर पडद्याच्या मध्यभागी मोजक्या ओळी दिसतात. त्यांत नाव, आवृत्ती, कर्ता, युगांडातील गरजू मुलांना मदत करण्याचे आवाहन, बाहेर कसे पडावे आणि मदत कशी मागावी, एवढेच असते. पहिली ओळ लिहू लागताच हे सारे नाहीसे होते. जाणत्याचा एक क्षणही वाया जात नाही. नवख्याला, निदान वाचणाऱ्या नवख्याला, परतीची वाट कळते. इतक्या थोड्या जागेत इतके साधणारा पडदा विरळा.

तक्रार वेगळीच आहे. हा पडदा दिसतो तो फाइलविना व्हिम उघडणाऱ्याला, म्हणजे बहुधा मुद्दाम व्हिम शिकायला आलेल्याला. चुकून तेथे पोचलेल्याला तो दिसतच नाही. ‘गिट’ ही प्रोग्रॅमच्या आवृत्त्यांची नोंद ठेवणारी आज्ञावली घ्या. बदलांचे टिपण लिहायची वेळ आली की, वेगळे काही ठरवून दिले नसेल तर, ती सहसा व्ही-आय उघडते. आणि पुष्कळ संगणकांवर त्या नावामागे व्हिमच असतो. या वेळी फाइल आधीच ठरलेली असल्याने सूचनांचा पडदा येत नाही. समोर दिसतो थोडा मजकूर आणि डाव्या कडेने उतरत गेलेली ‘~’ ही नागमोडी चिन्हे. विद्यार्थी टंकन करू लागतो, पण व्हिम सुरुवातीला आज्ञा स्वीकारण्याच्या अवस्थेत असल्यामुळे प्रत्येक अक्षर आज्ञा समजले जाते. मजकुराचा विचका होतो आणि बाहेर पडता येत नाही. ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या प्रश्नोत्तरांच्या स्थळावर ‘व्हिममधून बाहेर कसे पडावे?’ हा प्रश्न मे २०१७ पर्यंत दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला होता. यास वापरणाऱ्यांचा मूर्खपणा म्हणणे सोपे आहे; पण इतके लोक एकाच जागी अडखळत असतील, तर दोष वाटेचाच.

व्हिमच्या नव्या आवृत्त्यांत याला एक चांगला उतारा आहे. घाबरलेला माणूस कंट्रोल आणि सी या कळा दाबतो. त्या दाबल्या की बाहेर पडण्याची आज्ञा तळाशी लिहून येते. गरज पडते त्या क्षणीच सूचना मिळते, म्हणून ती पहिल्या पडद्यापेक्षाही मोलाची.

स्वतःपुरते बंद

जाणत्याची बाजूही खरी आहे. कल्युगा, एअर्स, चँडलर आणि स्वेलर यांनी २००३ साली एका शोधनिबंधात दाखवले, की नवशिक्याला उपयोगी पडणारे मार्गदर्शन जाणत्याला निरुपयोगी ठरते आणि कधी कधी अडथळाही होते. माहीत असलेली गोष्ट पुन्हा वाचण्यात त्याचे लक्ष विनाकारण खर्च होते. मायक्रोसॉफ्टच्या ‘ऑफिस ९७’ मध्ये आपण होऊन पुढे येणारा कागदी चापाच्या रूपातला मदतनीस यामुळेच अनेकांना नकोसा झाला. २००१ च्या आवृत्तीत तो मुळात बंद ठेवला गेला आणि २००७ च्या आवृत्तीत काढूनच टाकला.

मग पडदा ठेवावा की काढावा? याचे सर्वांत विचारी उत्तर मला ‘ग्नू एमॅक्स’मध्ये आढळते. रिचर्ड स्टॉलमन यांच्या या एडिटरचा (१९८५) पहिला पडदा व्हिमपेक्षा बोजड आहे. त्यात पाठमाला, पुस्तिका आणि वापराचे हक्क यांची दाटी आहे. तो बंद करता येतो. पण नवख्यासाठी किंवा अनेकांसाठी एकदम तो बंद करू नये, असे त्याची पुस्तिका बजावते. तळाच्या एका स्वागत-ओळीबाबत तर आणखी काळजी घेतली आहे. ती बंद करायची तर आपल्या मांडणीच्या फाइलीत स्वतःचे प्रवेशनाव लिहावे लागते. दुसऱ्याने ती फाइल तशीच नकलून घेतली, तरी त्याच्याकडे ओळ दिसतच राहते. जाणत्याला आपल्यापुरती मोकळीक आहे, इतरांची वाट पुसण्याची नाही.

शाळेत याचा संबंध फार जवळचा आहे. प्रयोगशाळेतील संगणकांची मांडणी एक जाणता माणूस करतो आणि ती सर्व यंत्रांवर चढवली जाते. त्याला कटकटीच्या वाटणाऱ्या सूचना तो बंद करतो, आणि ज्यांच्यासाठी त्या लिहिल्या होत्या त्या मुलांना त्या कधी दिसतच नाहीत. उलट, नुसत्या सूचना ठेवूनही भागत नाही. कॅरोल आणि रॉसन यांनी १९८७ साली नोंदवल्याप्रमाणे, माणसे वाचत बसत नाहीत, त्यांना लगेच काम सुरू करायचे असते. त्यात सूचना इंग्रजीत असल्या तर मराठी माध्यमाचे मूल त्या ओलांडूनच पुढे जाणार.

म्हणून पहिल्या पडद्याला तीन प्रश्न विचारावेत. पहिली कृती आणि बाहेरची वाट तो दोन-तीन ओळींत सांगतो का? काम सुरू होताच बाजूला होतो का? तो बंद केला तर फक्त बंद करणाऱ्यापुरताच बंद होतो का? शिक्षकांना हे वर्गात सहज तपासता येईल. आठवीच्या पाच-सहा मुलांना एक अनोळखी एडिटर उघडून द्या, एक वाक्य लिहून बाहेर पडायला सांगा आणि काही न बोलता पाहा. त्यांनी काय वाचले, कोणती कळ आधी दाबली, कोठे अडली, हे टिपून ठेवा. अडण्याची जागा एकच निघाली, तर ती सूचना मराठीत लिहून संगणकाशेजारी चिकटवा आणि पुढच्या तुकडीवर प्रयोग पुन्हा करा.