विद्यार्थी-संशोधन, विज्ञानप्रसार आणि भाषेचा प्रश्न

विद्यार्थ्यांनी विज्ञानात संशोधन करावे आणि ते समाजापर्यंत न्यावे, अशी दुहेरी अपेक्षा महाविद्यालयीन उपक्रमांकडून केली जाते. या दोन्ही अपेक्षा एका वाक्यात सहज मावतात. योजनेत मात्र त्या क्वचितच एकत्र नांदतात. आधी संशोधन, मग प्रसार, असा क्रम गृहीत धरला जातो. आणि प्रसार म्हणजे इंग्रजीत सिद्ध झालेल्या निष्कर्षांचा मराठी अनुवाद, एवढाच त्याचा अर्थ उरतो. हा क्रम तपासून पाहण्यास नाशिक जिल्हा फार सोयीचा आहे.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या परिचयाच्या दोन योजना येथे विचारात घ्याव्या लागतात. पहिली, १९९३ साली देशपातळीवर सुरू झालेली राष्ट्रीय बालविज्ञान परिषद. १० ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी गटाने, शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली, आपल्याच परिसरातील प्रश्न घेऊन प्रकल्प करावा, नोंदवही ठेवावी आणि अहवाल आपल्या भाषेत लिहावा, ही तिची मूळ कल्पना होय. दुसरी, कुलपतींच्या कार्यालयाच्या पुढाकाराने २००६ साली सुरू झालेला 'आविष्कार' हा आंतरविद्यापीठीय संशोधन महोत्सव. यात सहा ज्ञानशाखा, पदवीपासून संशोधकापर्यंत स्तर, आणि महाविद्यालयापासून राज्यापर्यंत चढत जाणाऱ्या फेऱ्या आहेत. पदवीच्या विद्यार्थ्याला संशोधनाची पहिली ओळख अशा महोत्सवात होते, हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु तेथे भित्तिपत्रकासमोर उभा राहणारा श्रोता परीक्षक असतो. ज्याच्या मळ्यातून नमुने आणले तो बागाईतदार नसतो. शाळकरी मुलांच्या योजनेने लोकभाषेला संशोधनाच्या आरंभी स्थान दिले, आणि प्रौढ विद्यार्थ्यांच्या योजनेत ती शेवटीही अटळ ठरली नाही, हा विपर्यास लक्षात घेण्याजोगा आहे.

प्रश्न केवळ अभिमानाचा असता तर त्याची चर्चा या पत्रिकेत करण्याचे कारण नव्हते. निफाड-दिंडोरीकडचा द्राक्ष-बागाईतदार वेलीच्या रोगांबद्दल बोलतो तेव्हा 'भुरी', 'केवडा' किंवा 'डाऊनी', 'करपा' हे शब्द वापरतो. 'भुरी' हे नाव पानावर व मण्यांवर पसरणाऱ्या राखी-पांढऱ्या थरावरून पडले. तिच्या बीजाणूंना रुजण्यासाठी पानावर पाणी साचावे लागत नाही. केवड्याला मात्र पान ओले राहणे आवश्यक असते. गंधक भुरीवर चालते, केवड्यावर चालत नाही. केवड्याचा कारक जीव तर आधुनिक वर्गीकरणात खऱ्या बुरशींतही गणला जात नाही. म्हणजे येथे लोकांची वर्गवारी शास्त्राच्या वर्गवारीशी जुळते, आणि दोन नावांतील भेद खरोखर दोन कारणांतील भेद आहे.

'करपा' या शब्दाची गोष्ट वेगळी. द्राक्षावर करपा, कांद्यावर जांभळा करपा, इगतपुरीकडे भातावर करपा. रोगकारक प्रत्येक ठिकाणी निराळा, परंतु पीक करपल्यासारखे दिसते म्हणून नाव एक. 'केवडा' हा शब्दही द्राक्षापुरता नाही. तो बाजरीच्या रोगालाही लावतात, आणि त्यातच कणसाऐवजी पानांचा जटांसारखा झुपका आला की त्याला 'गोसावी' म्हणतात. (या नामकरणातील विनोदबुद्धीची दाद द्यावी तेवढी थोडी.) लोकभाषा लक्षणावरून नाव ठेवते, शास्त्र कारणावरून. जेथे ही दोन नावे जुळत नाहीत, तेथेच विद्यार्थ्याला विचारण्याजोगा प्रश्न सापडतो. एका औषधाचा 'करपा'वरील अनुभव शेतकरी दुसऱ्या पिकावर नेतो काय? नेत असेल तर त्याचे परिणाम काय होतात? असा प्रश्न इंग्रजी संज्ञांपासून आरंभ करणाऱ्याला सुचणे कठीण, कारण तेथे तीन रोगांना तीन नावे आधीच मिळालेली असतात.

भाषेचा आकलनावर काय परिणाम होतो हे महाराष्ट्रात प्रयोगानेही पाहिले गेले आहे. १९७४ साली स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने, व्ही. जी. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली, शालेय विज्ञानाचा आशय कायम ठेवून पाठ्यपुस्तकांची मराठी तेवढी सोपी केली, तेव्हा विद्यार्थ्यांचे आकलन सुधारल्याचे आढळले. अडचण मराठीची नव्हती. एका विशिष्ट प्रकारच्या मराठीची होती. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश मोलाचे आहेत. तथापि कोशातील संज्ञा आणि मळ्यातील संज्ञा यांची गाठ घालून देणे कोशकाराच्या हाती नसते. ते काम क्षेत्रात फिरणाऱ्या विद्यार्थ्याचे आहे.

२०२१ च्या डिसेंबरात नाशिकला भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी जयंत नारळीकर यांची निवड झाली होती. प्रकृतीमुळे ते उपस्थित राहू शकले नाहीत. शास्त्रज्ञाच्या मराठी लेखनाचा तो सन्मान उचितच होता. परंतु थोर वैज्ञानिकाने लोकांसाठी लिहिणे आणि विद्यार्थ्याने लोकांकडून ऐकून घेणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीचा गौरव झाल्याने दुसरी आपोआप घडत नाही.

नाशिकात मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आहे. शिवाय पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांचे मोठे जाळे आहे. साधनांची उणीव सांगणे म्हणूनच अवघड आहे. खरी अडचण दिनदर्शिकेची. द्राक्षवेलीची खरड छाटणी उन्हाळ्याच्या तोंडाशी, म्हणजे ऐन परीक्षांच्या दिवसांत येते. गोडी छाटणी ऑक्टोबरच्या सुमारास, आणि तिच्यानंतर पाऊस लांबला की केवड्याचे भय. स्पर्धेच्या तारखेकडे पाहून आखलेला प्रकल्प या दोन छाटण्यांपैकी एकच पाहतो. वेलीचे पूर्ण वर्ष पाहायचे तर एका तुकडीने दुसरीकडे नोंदवही सोपवावी लागेल, आणि गुण कोणाला द्यावयाचे हा प्रश्न उभा राहील. त्याचे उत्तर परीक्षा विभागाकडून येण्याची वाट न पाहता विभागांनी पहिल्या वर्षी निदान एवढे करावे : प्रत्येक अहवालाच्या आरंभी, वापरलेली प्रत्येक संज्ञा कोणत्या गावात, कोणत्या अर्थाने ऐकली, याची मराठी यादी द्यावी, आणि तोंडी परीक्षेच्या वेळी परीक्षकांच्या शेजारी एक खुर्ची त्या गावच्या बागाईतदारासाठी ठेवावी.