स्वस्त अग्निबाणांचे त्यक्त आराखडे : एक चिकित्सा

पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या स्वस्त अग्निबाणांचे अनेक आराखडे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत मांडले गेले आणि सोडूनही देण्यात आले. तत्कालीन तंत्रज्ञान अपुरे होते, हे कारण सर्रास पुढे केले जाते. ते सर्वस्वी खोटे नाही. परंतु त्यामुळे या आराखड्यांतील आर्थिक गृहीतकांची चिकित्सा राहून जाते.

रॉबर्ट ट्रुॲक्स यांनी एरोजेट कंपनीत १९६२ मध्ये मांडलेला ‘सी ड्रॅगन’ या दृष्टीने विशेष विचारार्ह ठरतो. सुमारे १५० मीटर लांबी, २३ मीटर व्यास आणि ५५० टन भार वाहण्याची क्षमता असे त्याचे स्वरूप होते. अग्निबाणाची किंमत आकारापेक्षा गुंतागुंतीमुळे वाढते, हे ट्रुॲक्स यांचे मूळ प्रतिपादन. म्हणून पंप वगळून टाकीतील दाबानेच इंधन पुढे ढकलायचे, बांधणी जहाजांच्या गोदीत पोलादी पत्र्याची करायची, उड्डाण समुद्रातूनच घ्यायचे आणि पाण्यात उतरलेला पहिला टप्पा ओढून परत आणायचा. या युक्तिवादाचे सामर्थ्य आजही जाणवते. प्रश्न उरतो तो भाराचा. चंद्रमोहिमेच्या सॅटर्न-५ च्या साधारण चौपट भार वारंवार पाठवण्याजोगे होते तरी काय? प्रतिकिलो खर्च हा अखेर भागाकार असतो आणि येथे भाजकच काल्पनिक होता. डग्लस कंपनीतील फिलिप बोनो यांच्या १९६४ च्या ‘रॉम्बस’लाही हाच आक्षेप लागू पडतो.

स्पेस शटलने या गृहीतकाची प्रत्यक्ष परीक्षा घेतली. मंजुरीपूर्व हिशेबांत दरवर्षी कित्येक डझन उड्डाणे धरली होती. एका वर्षातील सर्वाधिक उड्डाणे झाली ती १९८५ मध्ये, अवघी ९. १९८१ ते २०११ या काळातील एकूण संख्या १३५. याउलट फाल्कन-९ चा पहिला टप्पा डिसेंबर २०१५ मध्ये सुखरूप उतरला आणि २०१९ पासून स्पेसएक्सने स्वतःच्याच स्टारलिंक उपग्रहांच्या तुकड्या पाठवून उड्डाणांची मागणीही स्वतःच निर्माण केली.

मॅकडॉनेल डग्लसचे ‘डीसी-एक्स’ मात्र या चौकटीत बसत नाही. सुमारे १२ मीटर उंचीचे हे प्रायोगिक यान १९९३ पासून न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथे उभ्याने उडून उभ्यानेच उतरत होते. जून १९९६ मध्ये त्याची दोन उड्डाणे अवघ्या २६ तासांच्या अंतराने झाली. येथे तंत्रज्ञान अपुरे असल्याची सबब टिकत नाही. भाराचे फुगवलेले आकडेही नव्हते. ३१ जुलै १९९६ रोजी, बाराव्या उड्डाणानंतर उतरताना चारपैकी एक पाय उघडला नाही, यान कलंडले आणि जळाले. नासाने दुसरे यान बांधले नाही. त्याच महिन्यात लॉकहीड मार्टिनच्या ‘एक्स-३३’ ची निवड झाली होती. ते २००१ मध्ये एकदाही न उडता रद्द करण्यात आले.